श्रावणात मासळी बंद: आळसांद्याचं तोणाक की वाटाण्याच्या प्रोटीनचा डबा?

तिसवाडीकर:
श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली की जिमला जाणाऱ्या पोरांचं सुरू होतं, 'आता प्रोटीन कुठून आणू?' हल्ली त्यांना सगळे एकच उपाय सांगतात: वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर. माझं मत उलट आहे. घरात आळसांदे (आपली गोव्याची चवळी), कुळीथ, मूग असताना डबा विकत घेणं म्हणजे पैसे उडवणं. कोरड्या 100 ग्रॅम आळसांद्यांत 20-21 ग्रॅम प्रथिनं असतात, कुळथात 22च्या आसपास. वर तंतू आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) मिळतं ते वेगळंच. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी कडधान्यात मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, तांदळाचं नेमकं उलटं. त्यामुळे तोणाक (कडधान्याची खोबऱ्याच्या वाटणातली रस्साभाजी) आणि उकड्या तांदळाचा भात एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच जेवणात हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले म्हणजे झालं.

मांडवीकाठ:
दर्जाबद्दल वाद नाही, प्रमाणाबद्दल आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, तेही चांगल्या दर्जाचं प्रथिन. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. दिवसाचा 250 ग्रॅम तांदूळ धरला तर त्यातून साधारण 20 ग्रॅम येतात. तोणाकाच्या वाटीत कोरडे आळसांदे जेमतेम 30 ग्रॅम, बाकी खोबरं आणि रस. म्हणजे सहा ग्रॅम! उरलेलं कुठून आणणार? चार वाट्या तोणाक कोणी खात नाही, आणि खाल्लं तर रात्रभर पोट बोलतं. 25 ग्रॅम पावडरीत 20 ग्रॅम प्रथिन मिळतं. भूक मंदावलेल्या म्हाताऱ्यांसाठी तर हे सोयीचंच.

फोंडेकर:
@मांडवीकाठ, मग सोयाचंक्स का नकोत? कोरड्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 52 ग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅमच्या मुठीत 15. किंमत पावडरीच्या जवळपासही जात नाही. लोकांना वास नको असतो, पण तो करणाऱ्याच्या घाईमुळे राहतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, स्वच्छ पाण्यातून काढून पुन्हा पिळा आणि मगच शागोतीच्या (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याच्या) वाटणात घाला. पहिलं पिळणं अर्धवट राहिलं की आत जुनं पाणी राहतं, मसाला शिरत नाही.

पावडर कशी होते तेही बघा. वाटाण्याचं पीठ अल्कलीत विरघळवतात, स्टार्च आणि तंतू वेगळे काढतात, मग आम्ल घालून प्रथिन खाली बसवतात आणि शेवटी पुन्हा कॉस्टिक सोड्यासारख्या सोडियमयुक्त अल्कलीने आम्लता मारतात. म्हणून बऱ्याच डब्यांत सोडियम चांगलंच असतं. रक्तदाबवाल्यांनी 'प्रोटीन 80%' वाचून थांबू नये, खालची ओळही वाचावी.

मांडवीकाठ:
सोडियमचा मुद्दा मान्य. पण सोया आणि वाटाणा दोघांचंही पचन कुळथापेक्षा सरस, हे तुम्ही गाळलंत. साल निघून गेलेली असते ना, पावडरीत तंतूही. फायटेट (लोह, जस्त शोषू न देणारा घटक) मात्र थोडंफार उरतं.

तिसवाडीकर:
निम्मा फायदा त्या सालीतच असतो, साहेब. आणि कडधान्यातलं फायटेट भिजवून कमी होतं. आठ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला, भिजवलेलं पाणी फेकून द्या. आपल्या दमट हवेत जास्त ठेवलं तर फेस येऊन आंबूस वास लागतो.

कुळागर:
आळसांदे शिजतच नाहीत म्हणून लोक डब्याकडे वळतात, त्यावर कोणी बोलत नाही! दोन कारणं. एक, पावसाळ्यात उघड्या डब्यात राहिलेलं जुनं कडधान्य. ऊब आणि दमटपणा यांनी दाणा आतून असा कडक होतो की आठ शिट्ट्यांनीही मऊ होत नाही. मे महिन्यात उन्हं देऊन, गार करून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. दुसरं, सोलं (आमसुलं) किंवा चिंच आधीच घालणं. आंबटाने साल घट्ट राहते. दाणा बोटांत चिरडला की मगच सोलं टाका.

जाता जाता: मोड आणल्याने प्रथिन 'दुप्पट' होत नाही. मोडांत पाणी भरतं, म्हणून 100 ग्रॅममागे ते उलट कमीच दिसतं. पचायला हलके होतात आणि क जीवनसत्त्व येतं, एवढं खरं.

फोंडेकर:
सोलं आणि पावडर यांचंही जमत नाही बरं का. सोलकढीत पावडर घातली की गुठळ्या होतात, कारण वाटाण्याचं प्रथिन त्या आंबटपणात विरघळत नाही. पोळ्यांच्या (आपल्या डोशासारख्या पोळ्यांच्या) पिठात घाला, दहा भाग पिठाला एक भाग, आणि पाणी थोडं वाढवा. जास्त घातलीत तर पोळा तव्यावरून उलटताना तुटतो.

मांडवीकाठ:
एक भर घालतो. मासळीतलं बी-12 आळसांद्यातही नाही आणि वाटाण्यातही नाही. महिनाभराने फरक पडत नाही, पण कायमचे शाकाहारी झालात तर दूध-दही किंवा गोळी लागेल. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर चंक्स असोत वा पावडर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तिसवाडीकर:
याला हरकत नाही. डब्याला आहे.