रंगापेक्षा प्लाय जास्त त्रास देतो

घराचं नवं काम केल्यावर येणाऱ्या वासावर नेहमीचा सल्ला असतो की लो व्हीओसी (हवेत कमी रसायनं सोडणारा) रंग घ्या, आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा, विषय संपला. रंगापुरतं मान्य. पण नव्या कपाटांतल्या प्लायचं आणि एमडीएफचं (लाकडाचा बारीक भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड) काय? रंगाचा वास काही आठवड्यांत बराचसा ओसरतो. बोर्डाच्या गोंदातला फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू मात्र महिनोन्महिने सुटत राहतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्तच. आपल्याकडे कोल्हापुरात गणपतीच्या आधी काम उरकायची घाई, म्हणजे नेमका भर पावसाळा आणि दारं-खिडक्या बंद! जमत असेल तर फर्निचरचं काम दिवाळीनंतर काढा.

दुसरं म्हणजे दुकानात नुसतं 'वॉटरप्रूफ द्या' म्हणू नका, शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) च्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्यातून हा वायू साध्या एमआर (फक्त ओलसरपणा सोसणाऱ्या) प्लायमधल्या युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदापेक्षा बराच कमी सुटतो. एमडीएफच हवा असेल तर ई१ किंवा ई० (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डाच्या प्रती) मागा. राजारामपुरीत बहिणीकडे काम चालू होतं तेव्हा मिस्त्रीनं समोरून झकास सनमायका लावला, पण कपाटाची पाठ, तळ आणि बिजागऱ्यांची भोकं कच्चीच. 'भिंतीकडं कोण बघतंय ताई?' वायू तिथूनच तर बाहेर येतो. पाठीला लायनर (आतल्या बाजूचा पातळ लॅमिनेट) आणि सगळ्या कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावून घेतला, तेव्हा कुठे कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरायचे कमी झाले. हे आधीच ठरवून मजुरीत धरा, नंतर मिस्त्री फोन उचलत नाही.