मदत हवी आहे: टाकी भरलेली असूनही स्वयंपाकघराच्या नळाला पाणी येत नाही

शहापूरकर: आमच्याकडे पाणी रोज सुटत नसल्यामुळे ते साठवून, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. मध्यंतरी ती टाकी पूर्ण रिकामी झाली आणि पुन्हा भरल्यापासून स्वयंपाकघराचा नळ फुरफुरतो, करंगळीएवढी धार देतो आणि थांबतो. प्लंबरने नळ बदलून पैसे घेतले, पण फरक काहीच पडला नाही. घरात कार्य असल्यामुळे कृपया लवकर उपाय सुचवावा.

अनगोळचा_रहिवासी: घरातील इतर नळांना पाणी येते का? स्वयंपाकघराचा पाइप टाकीपासून कोणत्या मार्गाने खाली उतरतो, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोटरवाले: प्रेशर पंप बसवून टाका. माझ्या घरी बसवल्यापासून तक्रार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर: पाइपात हवा धरली असेल, तर पंपालाही पाण्याऐवजी हवाच मिळेल. आधी कारण शोधावे, खर्च नंतर करावा.

वडगाव_गल्ली: आपल्या बेळगाव शहरातील काही प्रभागांना २००८ पासून चोवीस तास पाणी मिळते. राकसकोप आणि हिडकल अशी दोन धरणे असताना बाकीच्यांनी टाक्या का वाहायच्या?

शहापूरकर: धरणांची चर्चा कृपया वेगळी करावी. न्हाणीघराच्या नळाला पाणी भरपूर आहे. स्वयंपाकघराचा पाइप तेवढा टाकीच्या तळाशी निघून कठड्यावर चढतो आणि पलीकडून खाली उतरतो. टाकी दोन विटांच्या थरावर आहे. हे सांगितल्याने काय होणार?

निवृत्त_ओव्हरसियर: सगळे त्यातच आहे. कठड्यावरचा पाइप टाकीच्या तळापेक्षा उंच असल्यामुळे तिथे हवा अडकते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. तुमच्या टाकीतील मीटरभर पाण्याचा दाब त्याच्या एक दशांशच, म्हणून ती हवा पुढे ढकलली जात नाही. मोटरचे किंवा थेट नळाचे जोरदार पाणी हौसपाइपने स्वयंपाकघराच्या नळातून उलटे वर चढवावे. बाकीचे नळ बंद आणि टाकीचा कॉक उघडा असावा; टाकीत बुडबुडे येणे थांबेपर्यंत पाणी सोडावे. थेट नळ वापरत असाल, तर पाणी जाण्याआधीच तो बंद करून हौस काढावी. नाहीतर घरातले पाणी सार्वजनिक वाहिनीत ओढले जाऊ शकते.

अनगोळचा_रहिवासी: त्यापेक्षा कठड्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून अर्ध्या इंचाचा उभा पाइप काढावा, म्हणजे हवा आपोआप निघून जाईल.

निवृत्त_ओव्हरसियर: इथे तो उपाय उलटेल. टाकी अर्धी झाली, की पाण्याची पातळी कठड्याखाली जाते आणि पुढचे पाणी केवळ पलीकडे उतरणाऱ्या पाण्याच्या ओढीने वाहते. उभ्या पाइपातून हवा आत आली, की ती ओढ तुटेल आणि खालचे अर्धे पाणी टाकीतच राहील. कठड्याला भोक पाडून पाइप टाकीच्या तळाच्या खालून, सलग उतार देऊन काढावा.

मोटरवाले: कठडा फोडण्यापेक्षा पंप स्वस्त पडेल, हे मी अजूनही म्हणतो.

शहापूरकर: हौस लावल्यावर टाकीत बराच वेळ बुडबुडे आले आणि आता धार न्हाणीघरासारखीच आहे. कठड्याचे काम कार्य उरकल्यावर करून घेतो. तोपर्यंत टाकी रिकामी होऊ देणार नाही.

खानापूर_रोड: आमच्या सोलरच्या गरम पाण्याच्या नळालाही असेच होते. त्यालाही हौस लावावी का?

निवृत्त_ओव्हरसियर: तुमचा हवेचा उभा पाइप थंड पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आहे का आणि त्याचे तोंड मोकळे आहे का, हे आधी पाहून सांगा.