एचआयव्हीसह उघडपणे जगणं : काय उपयोगी पडतं, काय फसतं?

निळीशाई
जुन्या जाहिराती चाळताना ऑस्ट्रेलियातली १९८७ची एड्सविषयीची ती जाहिरात पुन्हा समोर आली आणि तेव्हासारखाच अंगावर काटा आला. काळ्या झग्यातला यमदूत बोलिंग खेळतोय, पिनांच्या जागी माणसं उभी, त्यांत कडेवर बाळ घेतलेली आईसुद्धा. चेंडू आला की सगळी आडवी. लोकांनी सावध व्हावं म्हणून केलेलं होतं, पण भीती विषाणूची बसायच्या ऐवजी माणसाचीच बसली.
त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डायानाने हातमोजे न घालता एड्सच्या एका रुग्णाशी हात मिळवला. तो फोटो जगभर गेला. नीट बघा, त्यात त्या माणसाची पाठच दिसते. हात पुढे करायला तो तयार होता, चेहरा दाखवायला नाही.
इथे समुपदेशन, लॅब, औषधं, वॉर्ड अशा कामांतले बरेच जण आहेत. कहाण्या नकोत, त्यातून कुणाची तरी ओळख उघडी पडते. पण इतक्या वर्षांच्या कामातून जे हाताला लागलंय ते लिहा. कुणाला, कधी, कसं सांगावं? लोकांच्या मनातली भीती नेमकी कशाने जाते?

कवडसा
सांगण्याआधी कागद घ्यायचा आणि तीन रकाने पाडायचे. ज्यांना माहीत असायलाच हवं ते (जोडीदार, उपचार करणारे डॉक्टर), ज्यांचा आधार होईल ते, आणि ज्यांना कळायची काही गरज नाही ते. शेजारी, ऑफिसातले बहुतेक सगळे तिसऱ्या रकान्यात. पहिल्या दोन रकान्यांतलं एकच नाव आधी निवडायचं. एका दिवसात दोघांना सांगू नये, कारण पहिल्याची प्रतिक्रिया घेऊन आपण दुसऱ्यासमोर बसतो.
वाक्यं तीनच. "मला एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतो, तब्येत चांगली आहे. हे कुणाला सांगायचं ते मी ठरवेन, तू सांगू नकोस." तिसरं वाक्य हमखास राहून जातं आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच होतात. ऐकणारा वाईट नसतो, त्याला ते ओझं एकट्याला पेलत नाही म्हणून तो आणखी एकाला सांगतो.
आणि माफीच्या सुरात सांगू नका. आपण मान खाली घातली की समोरच्यालाही वाटतं काहीतरी गुन्हाच झालाय.
मीटिंग सुरू होतेय, उरलेलं रात्री.

तिसरीघंटा
वेळेचंही लिहा कवडसा. भांडणात, दारू घेतलेली असताना किंवा कुणी बाहेर पडायच्या घाईत असताना सांगू नये. समोरच्याला प्रश्न विचारायला निदान तासभर तरी मिळायला हवा. पहिला प्रश्न ९० टक्के वेळा "कुठून झाला?" हाच येतो. त्याचं उत्तर द्यायला कुणी बांधलेलं नाही. "ते मला आत्ता बोलायचं नाही, पुढे काय करायचं ते बोलूया" एवढं पुरतं.

पायवाट
मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. अशा वेळी एकट्याने सांगायचं नाही. समुपदेशकासमोर, त्याच्या खोलीत, आणि रात्री राहायची दुसरी सोय आधी करून. डिसेंबर १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुगू ड्लामिनी यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात जमावाच्या मारहाणीत त्यांचा जीव गेला. 'उघडपणे जगा' असा सल्ला देणाऱ्याने हे नाव कायम डोक्यात ठेवावं. सांगणं हा त्या माणसाचा हक्क आहे, त्याच्यावरची सक्ती नव्हे.
त्यानंतर तिथल्या चळवळीने 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असं मोठ्या अक्षरांत छापलेले टीशर्ट सगळ्यांना दिले. लागण असलेल्यांनी घातले, नसलेल्यांनी घातले, २००२ मध्ये मंडेलांनीही घातला. गर्दीत नेमका कोण, हे ओळखताच येईना. एकट्याला वेगळं काढायची सोयच राहिली नाही.

सांजवेळ
पायवाट, हे माहीत नव्हतं. वाचून डोळे भरून आले.

प्रयोगवही
भीती जाते ती आकड्यांनी, पण आकडा नीट समजावला तर. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, तो व्हायरल लोड. चांगल्या लॅबमध्ये ५०च्या खाली गेला की 'आढळत नाही' असा रिपोर्ट येतो. २००च्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 'कमी होते' नाही, होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. निरोधाशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध नोंदले गेले. त्या काळात १५ जणांना नव्याने लागण झाली, पण विषाणूची जनुकं तपासल्यावर एकाचाही विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही, म्हणजे ती लागण बाहेरून आलेली. स्त्री-पुरुष जोडप्यांच्या अभ्यासांतही हेच दिसलंय. 'यू इक्वल्स यू' म्हणतात ते हेच : आढळत नाही म्हणजे पसरत नाही.
पण अटी लपवू नका. उपचार सुरू केल्यावर पातळी खाली यायला साधारण ६ महिने धरायचे आणि ते रिपोर्टमध्ये दिसलं पाहिजे, अंदाजाने नाही. पुढे तपासणी १२व्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. गोळ्या थांबवल्या तर काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. एखाद्या वेळी ५०चे १२० होऊन पुढच्या खेपेला परत खाली येतात, त्याने घाबरू नये. सलग वाढत गेलं तर मात्र गोळ्या चुकतायत का, की औषध लागू पडत नाही, ते लगेच बघायचं. सुई वाटून घेणाऱ्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हा 'शून्य'चा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे धोका खूप कमी होतो, शून्य म्हणता येत नाही.

कोरापान
साधा प्रश्न. घरात एकाला आहे. कप, टॉवेल, संडास, एकाच पलंगावर झोपणं, सगळं चालतं ना? पाहुणे आले की उगाच कुजबुज होते.

प्रयोगवही
सगळं चालतं. लाळ, घाम, अश्रू, खोकला, डास यातून पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढे प्रत्येकाचे वेगळे, तेही कुणाच्याही घरात वेगळेच असावेत, कारण रक्ताचा अंश राहिला तर कावीळ बी आणि सी जास्त सहज पसरते.

सांजवेळ
कोरापान, पाहुण्यांसमोर त्याच कपातून चहा प्या. शंभर वाक्यांचं काम होतं.

अक्षरओळ
मला शब्दांवर बोलायचंय. 'एड्स झालाय' हे सरसकट म्हणणं आधी थांबवा. एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही त्याची पुढची अवस्था, जिथे सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये २००च्या खाली येतात किंवा ठरावीक गंभीर आजार होतात. वेळेत उपचार घेणारा बहुधा तिथे पोचतच नाही. 'एचआयव्हीग्रस्त', 'बळी' हेही नको. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्स असलेल्या लोकांनीच जाहीरनामा काढून 'बळी' हा शब्द नाकारला होता, आणि पेशंट तर आम्ही फक्त अधूनमधून असतो असंही म्हटलं होतं. अजून औषध सापडायचं होतं तेव्हाची ही गोष्ट! मराठीत 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' लांबलचक वाटतं, पण दोनदा लिहिलं की हाताला बसतं.

तिसरीघंटा
आणि स्टिग्मा ला काय म्हणाल? 'कलंक' म्हटलं की वाटतं त्या माणसालाच काहीतरी लागलंय.

अक्षरओळ
अगदी हेच खुपतं. कलंक माणसावर, लांच्छनही माणसावर. मी वाक्यच फिरवते : 'लोकांनी धरलेला दुरावा'. दुरावा धरणारा कुणीतरी असतो, तो वाक्यात दिसला पाहिजे.

तिसरीघंटा
दुरावा. घेतला.

औषधी
काउंटरवरून लिहिते. लपवण्याचा सगळ्यात मोठा तोटा गोळ्यांच्या बाबतीत होतो. हल्ली बहुतेकांना टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ अशी एकच गोळी असते, दिवसातून एकदा, जेवणाआधी-नंतर कधीही. आता घरात माहीत नसतं, म्हणून जळजळ झाली की कुणीतरी प्रेमाने अँटासिड पुढे करतं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. एचआयव्हीची गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, उपाशीपोटी मात्र तेच २ आणि ६ तासांचं अंतर.
मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितलं नाही तर आणखी एक. या औषधाने मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून दिवसाला एकूण १००० मिग्रॅच्या पुढे विचारल्याशिवाय जाऊ नये. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर उलटं होतं, डोल्युटेग्रॅव्हिर कमी पडतं, मग ५० मिग्रॅचा आणखी एक डोस १२ तासांनी लागतो. आणि कावीळ बी असणाऱ्याने ही गोळी स्वतःहून बंद केली तर यकृताला जोरात सूज येऊ शकते, कारण यातली दोन औषधं त्या काविळीलाही दाबून ठेवत असतात.
गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसला ४ तासच उरले असतील तर ती सोडा. दोन एकदम नाही.

पायवाट
हे छापून दारावर लावावं असं आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांना न सांगणारे फार असतात.

कवडसा
आले परत. एचआयव्ही असलेल्या मुलांना त्यांचंच कसं सांगायचं ते राहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ६ ते १२ वयात, समज वाढेल तसं थोडं थोडं सांगत पूर्ण सांगावं. ६-७ व्या वर्षी नाव घ्यायचं नाही : "तुझ्या रक्तात एक जंतू झोपलाय. गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी चुकली की तो जागा होतो." थोडं मोठं झालं की अंगातले सैनिक म्हणजे सीडी४ पेशी. मग नाव. नाव सांगाल त्याच दिवशी हेही सांगा की कुणाशी बोलायचं : आई, बाबा, डॉक्टर, अशी निदान दोन-तीन माणसं. 'कुणालाही सांगायचं नाही' एवढंच सांगितलं तर मुलाला कळतं ते एकच, की आपल्यात लाजिरवाणं काहीतरी आहे. 'विटॅमिनची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं देणं हे सगळ्यात फसणारं. तेराव्या-चौदाव्या वर्षी फोनवर गोळीचं नाव शोधलं जातं, आणि मग गोळीवरचाही विश्वास जातो, आईबापावरचाही.

प्रयोगवही
बाळांचंही यात जोडते. आईच्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्याआधी साधी अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळाला लागण आहे असं नाही. त्यासाठी ६व्या आठवड्याच्या सुमारास थेट विषाणू शोधणारी पीसीआर टेस्ट. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के, नीट उपचारांत ५ टक्क्यांच्या खाली. चुकीच्या टेस्टवरून घरभर रडारड होते आणि आईच्या माथी दोष बसतो, तो पुढे रिपोर्ट बदलला तरी पुसला जात नाही.

कोरापान
चाचणीचा विषय निघालाच आहे तर, धोका होऊन १० दिवस झालेत आणि रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे सुटलो का? मित्रासाठी विचारतोय, खरंच.

प्रयोगवही
नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची (अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी) टेस्ट १८ ते ४५ दिवसांत पकडते, बोट टोचून केलेल्या अँटिबॉडी टेस्टला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तोपर्यंत निरोध, रक्तदान नाही. आणि मित्राला हेही सांगा : पुढे असं कधी झालं तर ७२ तासांच्या आत गाठलं तर २८ दिवसांची प्रतिबंधक गोळ्यांची फेरी असते. जितकं लवकर तितकं बरं, पहिल्याच दिवशी गेलेलं उत्तम.

कोरापान
सांगतो. मनापासून आभार, तो दोन दिवस झोपला नाहीये.

सांजवेळ
त्याला एकटं सोडू नका आज.

रुळलेलीवाट
वॉर्ड आणि डेंटल दोन्हीकडे काम. दुरावा सगळ्यात जास्त दिसतो तो आमच्याकडेच, हे कबूल करायला हवं. फाइलवर लाल स्टिकर, पलंगाला पाटी, डबल हातमोजे. याने सुरक्षा वाढत नाही, उलट घटते. स्टिकर नसलेल्या पेशंटच्या वेळी हात ढिला पडतो, आणि विंडो पिरियडमधला, म्हणजे लागण झालीय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही असा पेशंट स्टिकरशिवायच येतो. म्हणून प्रत्येकाचं रक्त सारखंच धरायचं : हातमोजे, सुईला परत टोपण नाही, सुई थेट सुयांच्या डब्यात, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. सुई टोचलीच तर एचआयव्हीची शक्यता १००० त ३ च्या आसपास, उपचार न घेणाऱ्याचं रक्त असेल तेव्हाची. कावीळ बी ची, लस घेतली नसेल तर, १०० त ३० पर्यंत. टोचल्यावर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं.

निळीशाई
डेंटिस्टकडे सांगितलं की 'दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट' देतात असं खूप ऐकू येतं. त्यामागे काही शास्त्र आहे का?

रुळलेलीवाट
काहीच नाही. प्रत्येक पेशंटनंतर अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जायलाच हवीत : १२१ अंशाला १५ मिनिटं, किंवा पाकिटातली १३४ अंशाला किमान ३ मिनिटं, वाळवायचा वेळ वेगळा. एचआयव्ही त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो, तो फार नाजूक विषाणू आहे. शेवटचीच वेळ देणारा दवाखाना नकळत हे सांगतोय की मधल्या पेशंटांच्या वेळी अवजारं नीट निर्जंतुक होत नाहीत. शांतपणे विचारावं, "ऑटोक्लेव्हची सायकल किती मिनिटांची आहे तुमच्याकडे?" बरेचदा सकाळची वेळ मिळते.

तिसरीघंटा
विचारायला हवंच हे, सगळ्यांनीच.

सांजवेळ
औषधी, एक राहिलं. बरेच जण लेबल दिसू नये म्हणून गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवतात. चालतं?

औषधी
शक्यतो नको. मूळ बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती गोळ्यांसोबतच राहायला हवी. साध्या डबीत, त्यातून बाथरूमच्या कपाटात, गोळ्या दमट होतात. त्यापेक्षा लेबल सोलून काढा, बाटली तीच ठेवा, झाकण घट्ट. आणि बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून कामावर न नेणारे असतात, त्यांनी बाटली बाहेरून रुमालात गुंडाळावी, आत कापूस ठेवू नये, तो ओल ओढून घेतो. प्रवासाला एक-दोन दिवसांच्या गोळ्या छोट्या डबीत चालतील, महिनाभराच्या नको.