कीप्रेसला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप:
विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रामच्या खिडक्या बांधायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) लिहिलेल्या एका डेस्कटॉप ॲप्लिकेशनची प्रोग्रामरांसाठीची पुस्तिका मराठीत करतेय. मजकूर भरायच्या चौकटीचे तीन इव्हेंट (काही घडलं की प्रोग्रामला मिळणारी सूचना) एकामागोमाग येतात: कीडाऊन, कीप्रेस, कीअप. 'कळ दाबली' आणि 'कळ सोडली' ही दोन टोकं जमली, मधलं अडलंय. संपादक म्हणतात, पहिल्या दोघांनाही 'कळ दाबली' चालेल. मला अजिबात पटत नाही. बाणाची कळ, एफ१, डिलीट दाबलं तर कीडाऊन येतो, कीप्रेस येतच नाही. दोघांना एकच नाव दिलं तर वाचणाऱ्याने फरक कसा ओळखायचा?

जुनी_खिडकी:
तुमचंच बरोबर आहे. कीप्रेस कळीचा नाहीच, अक्षराचा आहे. कळ दाबल्याचा निरोप विंडोज आधी देतं, त्यावरून अक्षराचा दुसरा निरोप तयार होतो आणि कीप्रेस त्या दुसऱ्यावर येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून ७ दाबून बघा, 'क्ष' येतो. ७ ची कळ एकदाच दाबली, पण आत क, हलन्ताची खूण आणि ष अशी तीन चिन्हं जातात आणि कीप्रेस तीनदा येतो. इथे 'कळ दाबली' कसं म्हणणार? सरळ 'अक्षर उमटलं' लिहा.

मोजकंच:
'उमटलं' नको. कीप्रेस येतो तेव्हा अक्षर चौकटीत पोचलेलं नसतं. तिथे इव्हेंटची 'हँडल्ड' ही खूण ट्रू केली की ते बाहेरच राहतं. म्हणून 'अक्षर येताना'. आपल्याकडे -ताना आणि -ल्यावर आयते आहेत, ते वापरा की! व्हॅलिडेटिंग म्हणजे 'पडताळताना', व्हॅलिडेटेड म्हणजे 'पडताळल्यावर'. फॉर्मक्लोजिंग 'बंद होताना', फॉर्मक्लोज्ड 'बंद झाल्यावर'. 'ताना' असेल तिथे अजून अडवता येतं, 'ल्यावर' असेल तिथे वेळ गेली. नावातच नियम आला.

शब्दनिष्ठ:
हे सगळं ठीक, पण मुळात 'इव्हेंट' का? 'घटना' हा अस्सल शब्द असताना उसनवारी कशाला? आणि हँडलरला, म्हणजे इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडला, 'घटना-हाताळक'.

जुनी_खिडकी:
'घटना' म्हटलं की आधी राज्यघटना आठवते, नाहीतर अपघाताची बातमी. शेजारी बसलेला 'बटणाचा इव्हेंटच येत नाहीये' म्हणतो, 'घटना घडत नाहीये' म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. 'हाताळक' तर कुणाच्याच तोंडी नाही.

शब्दनिष्ठ:
तोंडी नाही कारण कुणी लिहीत नाही. 'संगणक'ही कधीकाळी कुणाच्या तोंडी नव्हता. आणि घटना व घडणं एकाच धातूचे, मग अडचण कसली?

मोजकंच:
हँडलरचं राहू दे, हँडल्डचं बघा. 'हाताळलं' वाचून काहीच कळत नाही. त्याचा अर्थ 'माझ्याकडून झालं, आता पुढे पाठवू नका'. 'दखल घेतली' जवळ जातं.

शब्दनिष्ठ:
दखल अरबी आहे.

मोजकंच:
असू दे. 'दखलपात्र गुन्हा' रोज छापून येतो, तिथे कुणाला खटकत नाही.

तळटीप:
'अक्षर येताना' आवडलं. पण बॅकस्पेस, एंटर आणि एस्केपलाही कीप्रेस येतो, आणि ती काही अक्षरं नव्हेत. शिवाय चौकटीतला मजकूर बदलला की येणारा टेक्स्टचेंज्ड राहिलाच. माउसने पेस्ट केलं तर कीप्रेस येत नाही, टेक्स्टचेंज्ड येतो. प्रोग्रामने स्वतः मजकूर भरला तरी तो येतो. 'मजकूर बदलला' लिहिलं तर कुणी बदलला?

अधलीमधली:
अडचण 'बदलणे' या क्रियापदाची आहे. ते अकर्मकही आहे आणि सकर्मकही. 'मजकूर बदलला' म्हणजे तो आपसूक बदलला की कुणी बदलला, वाक्यावरून कळत नाही. टेक्स्टचेंज्डला ही संदिग्धता शोभते, कारण त्यालाही ते माहीत नसतं. क्यूटी या खिडक्या बांधायच्या दुसऱ्या साधनात मात्र दोन वेगळे सिग्नल (तिथल्या सूचना) आहेत. टेक्स्टचेंज्ड कशानेही येतो, टेक्स्टएडिटेड फक्त वापरणाऱ्याने बदल केला तरच. दुसऱ्याला कर्ता द्यावाच लागेल, 'वापरकर्त्याने मजकूर बदलला'. लांब झालं तरी चालेल. 'संपादित' नको, त्याने वर्तमानपत्राचं कार्यालय डोळ्यांपुढे येतं.

शब्दनिष्ठ:
'कळ'वर सगळ्यांचं एकमत दिसतंय, हे चांगलं. हिंदीतला कलपुर्जा आणि आपली कळ एकाच घरच्या. 'कळीचा मुद्दा'सुद्धा त्यातलाच.

जुनी_खिडकी:
एकमत कुठे? मी तुमच्यासाठी 'कळ' लिहितोय, बोलताना 'की'च म्हणतो. आणि कळ आली म्हटलं की पोटात आली का, असं विचारतील.

अधलीमधली:
संदर्भाने कळतं ते. पण 'कळीचा मुद्दा' कळीतूनच आला कशावरून? 'कळीचा नारद'मधली कळ भांडणाची, कळलाव्यातली. मुद्दाही भांडणाचाच असू शकतो.

शब्दनिष्ठ:
नाही, ज्यावर सगळं फिरतं तो कळीचा मुद्दा. यंत्राचीच कळ.

तळटीप:
बॅकस्पेसचं कुणीतरी सांगा. 'अक्षर' की 'चिन्ह'? पान उद्या द्यायचंय.

मोजकंच:
'चिन्ह' म्हटलं की स्वल्पविरामच आठवतो. मी 'अक्षर'च ठेवेन आणि खाली टीप देईन.

अधलीमधली:
मी 'चिन्ह'. एंटरला अक्षर म्हणवत नाही.