'रुद्धोष्म' म्हणजे नेमकं काय अडवलं?

बाळीवेसकर : पुतणी रेल्वेच्या परीक्षेसाठी हिंदी पुस्तक वाचते. त्यात 'रुद्धोष्म संपीडन' आलं. संपीडन म्हणजे दाबणं, कळलं (हवेला पीडाच ती). रुद्धोष्मचं काय?

होटगीकर : रुद्ध म्हणजे अडवलेलं, अवरुद्धमधलं. रुद्ध + ऊष्म, गुणसंधी. हवा दाबताना उष्णतेला ना बाहेर वाट, ना आत. आपण केलेलं काम हवेतच राहतं, म्हणून ती तापते. उलट बाजूला 'समतापी' : इतकं सावकाश दाबायचं की उष्णता भिंतीतून निघून जाते आणि तापमान हलत नाही. दोन्ही शब्द कागदावरचे, खरं यंत्र मधे कुठंतरी.

मोहोळकर : मधे कुठं, ते आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला विचारा! थंडीत पहाटे दारं धरायला गेलं की हँडल हळू मारून नुसतं फुस्स. २७ अंशांची हवा आकारमानाच्या अठराव्या भागात दाबली आणि उष्णता अजिबात गेली नाही, तर गणितानं ६८० अंश सेल्सिअसच्या आसपास भरते. पण लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) गार, हात हळू. दाबेपर्यंत निम्मी ऊब लोखंडात मुरते, थोडी हवा पिस्टनच्या रिंगांतून गळते, मग हवेच्या उबेवरच पेटणारं डिझेल पेटणार कसं? म्हणून हवा बाहेर सोडणारा वरचा खटका उघडा ठेवून आधी वेग घ्यायचा, मग खटका पाडायचा, की हवा झटकन दाबली जाते. वेळच दिला नाही की उष्णता जाणार कुठं?
आणि ते 'भिंत' सोडा. फिटरपुढं सिलिंडरची भिंत म्हणालात तर गवंडी बोलवा म्हणेल.

बार्शीकर : मला भिंतच पटते. आमचं माळवदाचं घर मे महिन्यात दिवसभर ऊन पितं, रात्री भिंतीला पाठ टेकवत नाही. लोखंडही तेच करतं.
बाकी सायकलचा पंप घासून तापतो ना?

होटगीकर : थोडा. पण हात लावून बघा, सर्वांत गरम तळाशी, नळीजवळ. हवा दाबली जाते ती तिथंच.

बाळीवेसकर : मग सरळ 'कोंडोष्म' म्हणू. कोंडणं आपलं घरचं.

होटगीकर : दाबताना चालेल. पण हीच हवा झटकन पसरली की गार होते. तिथं कोंडलं काय? बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही, एवढंच. 'रुद्ध' दोन्हीकडची वाट अडवतो, कोंडणं एकाच बाजूनं कडी लावतं.

मोहोळकर : रुद्धच राहू द्या. हँडल मात्र जोरात मारा.