पीटीच्या तासाला लेक नुसता बसून असतो, बोचियाचा रॅम्प कुठे मिळेल?

ऐरोलीची_आई:
मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरतो, उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. साध्या शाळेत जातो, अभ्यासात चांगला आहे पण पीटीला त्याला स्कोअर लिहायला बसवतात. परवा म्हणाला आई, कोण कसं पळतं ते सगळं मला पाठ झालंय. पोटात कालवलं अगदी. बोचियाबद्दल ऐकलंय, म्हणजे बसून आपले चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ टाकायचा खेळ. त्यात चेंडू घरंगळत सोडायला उतरता रॅम्प लागतो, तो ठाण्याकडे कुठे मिळतो का? आणि शाळेला काय सांगू?

पीटी_शिक्षक_कळवा:
ताई, रॅम्प विकत घेऊ नका, प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणा आणि मधोमध उभा चिरून घ्या. बोचियाच्या चेंडूचा घेर २७ सेंमी असतो, म्हणजे आरामात घरंगळतो. कडा मात्र पॉलिश पेपरने घासा, आमच्या एका मुलीचा हात कापला होता, तेव्हापासून मी स्वतः बोट फिरवून बघतो. शाळेला सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळांबद्दलच आहे, पण आधी सरांशी प्रेमाने बोला, बऱ्याचदा कसं खेळवायचं हेच आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं.

ओटी_ठाणे:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे. पाइपची आयडिया मस्त. फक्त उंची त्याच्या खुर्चीवरून ठरवा, आधी बनवून मग मुलाला त्यात बसवू नका. हाताने चेंडू सोडता येत नसेल तर डोक्याला पट्टा लावून त्याच्या काडीने ढकलतात, तेही चालतं. वर्गासोबत खेळायला थोडी हवा काढलेला बीच बॉल घ्या, हळू येतो आणि पकडता येतो. फुगेही चांगले, पण वर्गात स्पायना बिफिडाचं (जन्मापासून मणक्यात दोष असलेलं) मूल असेल तर रबरी फुगे नकोत, त्या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा असते. वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे एकदा दाखवून घ्या.

आणि एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रॅम्पवाल्या बोचियात मदतनीस कोर्टाकडे पाठ करून बसतो, वळून बघायचं नाही असा नियमच आहे. डावीकडे, थोडा वर, हे सगळं खेळाडूने सांगायचं. घरीही तसंच खेळा.

ऐरोलीची_आई:
पाइप आणला, काल हॉलमधे खेळलो. खरे चेंडू अजून नाहीत, मोज्यात तांदूळ भरून शिवले, ते नीट घरंगळत नव्हते म्हणून शेवटी टेनिस बॉल घेतला. मी पाठ करून बसले. मला सारखं वाटत होतं की रॅम्प जरा उजवीकडे हवा, पण गप्प राहिले. तो म्हणाला आई डावीकडे, अजून, अजून, बास. मग टक्क असा आवाज आला आणि तो जो ओरडला ना! सोमवारी पाइप घेऊन शाळेत चाललेय, सरांनी पहिला अर्धा तास द्यायचं कबूल केलंय. ओटी ताई, डोक्याच्या पट्ट्याचं माप कसं घ्यायचं ते सांगाल का?