मदत हवी आहे : नेपाळमध्ये दहा दिवसांत ख्रिस्ताची साक्ष कशी द्यावी?

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी मंडळीतून (चर्चमधून) आम्ही सहाजण दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी नेपाळला जाणार आहोत. तिथल्या एका मंडळीने आम्हाला बोलावले आहे.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते; आणि २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेच्या कलम १५८ नुसार त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही दहा दिवसांनी घरी परतू, पण आमच्या एखाद्या अविचारी शब्दाची झळ तिथल्या पाळकांना वर्षानुवर्षे सोसावी लागेल, ही चिंता मला झोपू देत नाही.

कोणी आपणहून विचारले, तर प्रभूने माझ्या आयुष्यात काय केले ते सांगणे आणि समोरच्याला धर्म बदलण्याचा आग्रह करणे, यांतील सीमा तुम्ही प्रत्यक्षात कशी पाळली? पत्रके नेऊच नयेत, असे माझे मत आहे. नेपाळी देवनागरीत असल्याने आम्हाला वाचता येते. मात्र घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढलेल्या आम्हा सीमाभागातील लोकांना, वाचता येणे म्हणजे मनातले बोलता येणे नव्हे, हे चांगले ठाऊक आहे. म्हणून दुभाषी तिथल्याच मंडळीतला घ्यावा का? शिवाय त्याच दिवसांत तिथे तिहार (नेपाळमधली दिवाळी) असतो; अशा वेळी घरोघरी जाणे योग्य ठरेल, की शनिवारच्या उपासनेपुरतेच थांबावे?

नेपाळला जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.